बिनभरणाची पावसाळी झूल : दोन शरदांच्या वापरानंतर

ज्या झुलीविषयी हे लिहीत आहे, तिला घोडेवाल्यांच्या बोलण्यात ‘टर्नआउट रग’ म्हणतात; पागेत पांघरायची नव्हे, तर घोडा कुरणात मोकळा असताना त्याच्या अंगावर राहील अशी. तिच्यात उबेसाठीचे भरण अजिबात नाही. बाहेरून १२०० डेनियरचे, चौकटीच्या विणीचे पॉलिएस्टर, त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ लेप आणि अंगाला लागणारे गुळगुळीत नायलॉनचे अस्तर, एवढाच तिचा संसार. लागोपाठ दोन पावसाळी शरदांत मी ती तीन घोड्यांवर वापरली, प्रत्येकाच्या मापाची वेगळी. झूल चांगली आहे आणि पैसे वाया गेले असे वाटत नाही. मात्र घेताना जितके दिवस लागेल असे वाटले होते, त्याच्या निम्मे दिवसही ती लागली नाही. आणि जेव्हा खरोखर लागली तेव्हा तिच्यावाचून भागलेही नसते. त्यामुळे ती केव्हा घालायची हा प्रश्न बाजूला ठेवून तिच्याबद्दल मत देणे मला शक्य नाही, आणि या अभिप्रायाचा बराचसा भाग त्या प्रश्नावरच खर्च होणार आहे.

आधी चिठ्ठीवरचे आकडे. तेथे दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. डेनियर हे धाग्याचे माप आहे; ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनियर. १२०० डेनियरचे कापड कुंपणाच्या तारेला आणि शेजारच्या घोड्याच्या दातांना सहजी दाद देत नाही, पण त्यामुळे घोड्याला कणभरही जास्त ऊब मिळत नाही. ऊब कळते ती भरणाच्या आकड्यावरून, आणि तो आकडा दर चौरस मीटरला किती ग्रॅम भरण आहे हे सांगतो: ५०, १००, २००, ३०० असा. या झुलीवर त्या जागी शून्य आहे. ते पाहून एका परिचित घोडेमालकांनी ‘मग ती घालायची तरी कशाला?’ असे विचारले होते. प्रश्न रास्त होता.

घोड्याचे हिवाळी केस थंडी पडल्यावर वाढू लागतात असा समज आहे. प्रत्यक्षात वर्षातला सर्वांत मोठा दिवस उलटून दिवस लहान होऊ लागले की शरीर तयारीला लागते, आणि हवेतील गारवा त्या वाढीला फक्त कमी-अधिक करतो. शरदाच्या मध्यावर बहुतेक घोड्यांच्या अंगावर बऱ्यापैकी दाट थर आलेला असतो. गारठा जाणवला की त्वचेतील बारीक स्नायू केस उभे करतात, केसांमध्ये हवा कोंडली जाते, आणि ही कोंडलेली हवाच घोड्याचे खरे पांघरूण असते. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे वरच्या केसांवरून पाणी निथळून जाते. म्हणूनच बाहेर राहणाऱ्या घोड्याला या दिवसांत फार रगडून खरारा करू नये, चिखल झाडण्यापुरता करावा. भुरभुर पावसात घोडा वरून चिंब दिसतो, पण पाठीवरचे केस बोटांनी फाकवून पाहिले तर मुळाशी त्वचा बहुधा कोरडी ठणठणीत असते. केस फाकवून पाहण्याची ही सवय मला झुलीपेक्षाही अधिक उपयोगी पडली आहे, हे झुलीच्या अभिप्रायात लिहिणे थोडे विचित्र वाटले तरी खरे आहे.

अडचण येते ती झड लागल्यावर. तासन्‌तास पडणारा पाऊस, त्यातही वाऱ्याची साथ असेल तर, हा थर भेदून त्वचेपर्यंत पोचतो. केस चापून बसतात, कोंडलेली हवा निघून जाते आणि तिची जागा पाणी घेते. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते. अंगाने भरलेला, केस पूर्ण वाढलेला आणि कोरडा घोडा साधारण ५ अंश सेल्सियसपर्यंत ऊब टिकवण्यासाठी वेगळी शक्ती न खर्चता राहू शकतो; कडक थंडीला सरावलेल्या घोड्यांत ही मर्यादा उणे १५ अंशांच्या आसपास धरली जाते. केस मुळापर्यंत भिजले की तीच मर्यादा १० ते १५ अंशांच्या दरम्यान वर सरकते, आणि शरदातील पावसाळी रात्र नेमकी तेथेच किंवा त्याखाली असते. कोरड्या हवेत शून्याखालीही निवांत चरणारा घोडा ओल्या ८ अंशांत काकडताना दिसतो, तो यामुळे. बिनभरणाच्या झुलीचे कामही येथेच सुरू होते. ऊब घोड्याकडे असतेच. ती भिजू न देणे एवढेच झुलीकडे येते.

तरीही थेंब पडताच झूल चढवावी असे मात्र नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन जाण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ५०० किलो वजनाच्या, काम नसलेल्या घोड्याची दिवसाची गरज १६ ते १७ हजार किलोकॅलरी असते. अंगावरचे लिटरभर पाणी त्याने सर्वस्वी स्वतःच्या उष्णतेने वाळवले असे धरले, तरी तो खर्च पाव-अर्धा किलो वाळलेल्या गवतातून भरून निघतो. शिवाय तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबताना जी उष्णता निर्माण होते, तितकी ती धान्याच्या खुराकातून होत नाही. पावसाळी संध्याकाळी गवताची एक पेंढी वाढवून टाकली, तर निरोगी घोड्यापुरता झुलीचा प्रश्न बहुतेक वेळा तेथेच मिटतो. झुली विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हे वाक्य मला अजून आढळलेले नाही.

आता तीन घोड्यांविषयी, कारण एकाच झुलीबद्दल माझी तीन मते त्यांच्यामुळे झाली. पहिला २४ वर्षांचा खच्ची केलेला घोडा. दात झिजलेले, त्यामुळे गवत पुरते चावले जात नाही, आणि बरगड्या हात फिरवताच बोटांना लागतात. १९८३ साली हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या, अंगावरची चरबी जोखणाऱ्या १ ते ९ गुणांच्या मोजपट्टीवर तो जेमतेम ४ वर येतो. दुसरी आखूड पायांची, घट्ट बांध्याची घोडी, वारा पिऊनही अंग धरणारी. तिचे गुण ७ च्या खाली क्वचितच उतरतात. तिसरा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचा, पातळ कातडीचा आणि मुळातच बारीक केसांचा. तो कामात असल्याने घामाचा त्रास नको म्हणून त्याच्या मानेखालचे व पोटाचे केस कातरलेले असतात.

पहिल्या शरदात मी ठरवाठरवीचे सगळे काम हवामानाच्या अंदाजावर सोपवले होते. रात्री ९ अंश आणि पाऊस असे वाचून संध्याकाळी तिघांवरही झुली चढवल्या. पाऊस मध्यरात्रीआधीच थांबला, सकाळी लख्ख ऊन पडले, आणि मी कुरणात पोचेपर्यंत पारा १७ अंशांवर गेला होता. थरोब्रेड व म्हातारा ठीक होते. घोडीच्या झुलीखाली हात घातला तर खांद्यामागे अंग घामाने थबथबलेले. कापड बाष्प बाहेर सोडते असा चिठ्ठीवर दावा आहे आणि तो खोटा नाही. परंतु हवा दमट असते तेव्हा बाष्प फार सावकाश बाहेर पडते, आणि उन्हात उभ्या असलेल्या लठ्ठ घोडीचा घाम त्या गतीने वाळणे शक्य नव्हते. पावसापासून वाचवून मी तिला आतून भिजवली होती. सतत ओलसर राहिलेल्या त्वचेत डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस या जिवाणूला फावते आणि पाठीवर केसांचे झुपके धरून खपल्या येतात. हा विकार पावसाने होतो तसा झुलीखालच्या घामानेही होऊ शकतो. सुदैवाने त्या वेळी तसे काही झाले नाही. पण तेव्हापासून घोडीची झूल खुंटीलाच राहिली. तिच्या बाबतीत हिवाळ्यात थोडी चरबी झडणे हेच हिताचे आहे. तिला उबेत ठेवून ती चरबी जपली तर पुढच्या हिरव्या गवतावर लॅमिनायटिसचा, म्हणजे खुरांच्या आतील दाहाचा, धोका वाढतो.

या प्रसंगाने मी दुसऱ्या टोकाला गेले, ही चूक अधिक महागात पडली. त्याच शरदात पुढे वाऱ्यापावसाची झड लागली, पारा ७ अंशांवर होता, आणि कुरणात छप्पर आहे या भरवशावर मी म्हाताऱ्याला तसाच ठेवला. छप्पर होते, जागाही तिघांपुरती होती. पण घोडी दारात आडवी उभी राहते आणि म्हाताऱ्याला आत पाऊल टाकू देत नाही, हे मी पावसात जाऊन कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तो कुंपणाकडे, वाऱ्याकडे शेपूट करून, मान खाली घालून उभा होता. अंगाला कापरे सुटले होते आणि गवत पुढे केले तरी त्याने मान वर केली नाही. आसरा आहे किंवा नाही एवढे पाहून भागत नाही. ज्या घोड्याचा विचार चालला आहे, त्याला तो आसरा मिळतो का हे पाहावे लागते.

ओल्या घोड्यावर लगेच ही झूल चढवू नये, हे तेव्हा माहीत होते म्हणून निभावले. आत पाणी आणि बाहेर जलरोधक लेप, अशा स्थितीत अंग वाळायला फार वेळ लागतो. त्याला पागेत घेऊन जाड पंचांनी चोळून काढला, ओल शोषून बाहेर टाकणारे फ्लीसचे पांघरूण घातले, गवत समोर ठेवले, आणि दोनेक तासांनी केसांची मुळे कोरडी लागल्यावर मगच झूल घातली. ज्याच्याकडे असे फ्लीसचे पांघरूण नाही, त्याने ही झूल घेण्याआधी ते घ्यावे असे मी म्हणेन.

दुसऱ्या शरदात जवळजवळ तशीच झड पुन्हा आली. या वेळी पाऊस सुरू होण्याआधी, अंग कोरडे असताना, म्हाताऱ्यावर आणि थरोब्रेडवर झूल चढवली. सुमारे ३० तास पाऊस पडत होता. मधे दोनदा आणि शेवटी एकदा झुलीखाली हात घातला. म्हाताऱ्याचे अंग खांद्यामागे कोरडे व कोमट, थरोब्रेडचे कोरडे पण किंचित गार. कान चाचपून ऊब ठरवण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण कान थंड असतानाही अंग उबदार असू शकते. थरोब्रेडला मात्र १०० ग्रॅम भरणाची झूल हवी होती असे त्या दिवशी लक्षात आले. केस कातरून त्याचे पांघरूण आपण काढून घेतलेले असते, आणि ते शून्य भरणाच्या कापडाने परत मिळत नाही. म्हाताऱ्यासाठी मात्र ही झूल त्या दिवशी अगदी नेमकी ठरली.

यातून माझा जो क्रम ठरला आहे तो सांगते. पाऊस किती वेळ टिकेल हे आधी पाहते. तास-दोन तासांच्या सरीसाठी झूल नाही. मग वारा, मग त्या विशिष्ट घोड्याला आसरा मिळतो का, मग त्याचे वय, अंग आणि केस. पारा शेवटी पाहते, आणि तोही रात्रीचा नीचांक व दुसऱ्या दुपारचा उच्चांक असे दोन्ही आकडे. झूल चढवणे सोपे असते. ती उतरवायला दुसऱ्या दिवशी वेळेवर कोण येणार, याचे उत्तर नसेल तर निरोगी घोड्यावर ती न घातलेलीच बरी. मनाला हे पटवणे जड जाते, कारण आपल्याला हुडहुडी भरली की घोड्यालाही भरली असेल असे वाटू लागते, आणि आपल्या अंगावर त्याच्यासारखे केस नसतात एवढी साधी गोष्ट अशा वेळी आठवत नाही.

घोड्यांचे स्वतःचे मत काय, याबद्दल नॉर्वेतील संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला होता, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ घोड्यांना चिन्हांच्या फळ्या ओळखायला शिकवले: एका चिन्हाला नाक लावले तर झूल घालायची, दुसऱ्याला लावले तर उतरवायची, कोऱ्या फळीला लावले तर आहे तसेच राहू द्यायचे. दोन आठवड्यांत सर्व घोडे हे शिकले. ऊन असताना त्यांचा कल झुलीविना राहण्याकडे दिसला, आणि पाऊस, वारा व गारठा एकत्र आला तेव्हा झूल मागण्याकडे. माझ्या घोड्यांना मी असे काही शिकवलेले नाही, पण दुसऱ्या शरदात म्हातारा झूल पाहून स्वतःहून पुढे येत असे आणि घोडी तीच झूल पाहून कुरणाच्या दुसऱ्या टोकाला जात असे. हे शास्त्र नव्हे, निरीक्षण आहे.

या झुलीची एक मर्यादा विक्रेते सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. कोरड्या, निरभ्र, थंड रात्री ती अंगावर राहू दिली तर फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो. कापडाच्या वजनाने केस दबतात, त्यांना उभे राहता येत नाही, आणि दबलेल्या केसांची भरपाई करील असे भरण झुलीत नसते. पाऊस ओसरून आकाश मोकळे झाले की ती उतरवावी. ‘पातळच तर आहे, असू दे’ हा विचार येथे चुकतो.

आता वस्तू म्हणून. माप छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत सरळ फितीने घ्यावे लागते, आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे घेतलेले माप घोडी व म्हातारा यांना बरोबर बसले. आयाळ संपते तेथील हाडाचा उंचवटा झाकून झूल त्याच्या पुढे यायला हवी आणि त्यावर दाबता कामा नये. या झुलीला तेथे थोडी उंच शिवण दिलेली आहे, ती खरोखर उपयोगी आहे. रुंद छातीच्या घोडीला खांद्यावर कापड ताणते, आणि झूल अंगावर होती तेवढ्या दिवसांतच तिचे खांद्यावरचे केस घासून गेले. खांद्याजवळची कळी अजून चार बोटे खोल असायला हवी होती. पोटाखालून तिरके जाणारे दोन पट्टे चांगले आहेत. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये आडवा तळहात बसेल इतकी ढील ठेवावी, त्याहून सैल ठेवल्यास आडवे पडून उठताना घोड्याचा पाय अडकतो. शेपटीखालून जाणारी दोरी, खोगिराच्या दुमचीसारखी, वाऱ्यात झूल उलटू देत नाही. ती सुटी करून धुता येते हे चांगले.

पाणी अडवण्याबाबत पहिल्या वर्षी तक्रारीला जागा नव्हती. चिठ्ठीवर ३००० मिलिमीटरचा आकडा आहे, म्हणजे कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत पाणी आत येऊ नये. दुसऱ्या वर्षी थरोब्रेडच्या झुलीत पाठीच्या कण्यावर ओल उतरू लागली, आणि त्यातला दोष निम्मा माझा आहे. मी ती साध्या धुण्याच्या पावडरीत धुतली होती. अशा पावडरीने कापडावरचा पाणी झटकणारा थर निघून जातो. सौम्य साबण, थंड पाणी, वाळवताना सावली आणि नंतर पाणी झटकणारा फवारा हीच पद्धत. पण म्हाताऱ्याची झूल मी नीट धुतली होती, तीसुद्धा पाठीवरच्या शिवणीत पाझरली, आणि तो दोष बनावटीचा आहे. ज्या झुलीचे एकमेव काम पाणी अडवणे, तिच्या पाठीच्या मध्यावर उभी शिवण असण्याचे कारण कापडाची बचत याशिवाय दुसरे दिसत नाही. पाठीचे कापड अखंड असलेल्या झुली मिळतात, आणि पुढची झूल मी तशीच घेणार आहे.

म्हातारा, हडकुळा, नुकताच आजारातून उठलेला किंवा कळपात आसरा न मिळणारा घोडा असेल, आणि दिवसातून दोनदा झुलीखाली हात घालून पाहणारे माणूस असेल, तर ही झूल जरूर घ्यावी, फक्त पहिल्या शरदानंतर पाठीची शिवण आतून जलरोधक पट्टीने बंद करून घ्यावी. मी म्हाताऱ्याच्या झुलीला ती लावली आहे आणि आतापर्यंतच्या पावसात तिथून थेंब आलेला नाही. कातरलेल्या घोड्याला हिचा उपयोग थोडा. घोडीची झूल जवळजवळ नवी आहे, आणि ती बसेल असा दुसरा एखादा म्हातारा मी शोधत आहे.